कोपरीच्या फोटोधंद्यात कॅमेरे कसे बदलले

कोपरी म्हणजे ठाणे स्थानकाची पूर्व बाजू. एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मध्ये जुने गावठाण, चेंदणी कोळीवाड्याचा शेजार, मीठबंदर रस्ता, बारा बंगला आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची वसाहत. बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यात आली, पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले, आणि कोपरीचे जगणे तेव्हापासून या स्थानकाला बांधले गेले. इथला फोटोचा धंदाही त्यातच आला. रेल्वेच्या पासासोबतच्या ओळखपत्राचे फोटो, शाळा-कॉलेज आणि नोकरीच्या अर्जांचे फोटो, लग्न, मुंज, साखरपुडा आणि आगरी-कोळी घरांतली हळद, ही या धंद्याची ठरलेली कामे. स्टुडिओवाल्याने कॅमेरा कधी बदलला आणि कधी बदलायचे टाळले, हे कळायचे तर कंपन्यांच्या जाहिराती बाजूला ठेवून या कामांकडे पाहावे लागते.

कॅमेरा मुंबई इलाख्यात फार लवकर पोहोचला. डागेर यांची फोटो घेण्याची पद्धत पॅरिसमध्ये १८३९ मध्ये जाहीर झाली आणि १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. देशातली ही अशी पहिली संस्था. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नामवंत फोटोग्राफर. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. तेव्हा ओल्या कलोडियनची पद्धत चाले. काचेवर द्रव ओतायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. त्यामुळे बाहेरगावी जायचे तर डार्करूमचे सामानही बरोबर न्यावे लागे. १८८० च्या आसपास तयार कोरड्या प्लेटी बाजारात आल्या आणि ही यातायात संपली. यात कॅमेऱ्याचे लाकडी खोके होते तेच राहिले. बदलली ती आत घालायची काच. पुढची शंभर वर्षे बहुतेक सुधारणा अशाच होत गेल्या.

नवे यंत्र घ्यायचे कारण वेगळेच असे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, हे मुंबईतले स्टुडिओवाले. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा खेळ झाला. तो पाहून सावे दादांनी लंडनहून २१ गिनींचा रायली कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यावर टिपली. दादासाहेब फाळके यांनीही आधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला. या दोघांचे आधीचे कॅमेरे स्थिर फोटोसाठी वाईट नव्हते. जे काम जुन्या यंत्रावर होणारच नव्हते त्यासाठी त्यांनी पैसे घातले. आजही कॅमेरा बदलण्याचे इतके स्वच्छ कारण क्वचितच सापडते.

ठाणे-कल्याण पट्ट्यात हा धंदा खऱ्या अर्थाने पसरला तो स्वातंत्र्यानंतर. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत निर्वासितांची सोय झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. ठाणे स्थानकाच्या पूर्वेला कोपरी कॉलनी याच लोंढ्यातून उभी राहिली. निर्वासिताला पहिल्या दिवसापासून कागद लागतात आणि कागदाला फोटो लागतो. खुद्द फोटोधंद्यातही माणसे तिकडून आली. कराचीहून आलेले जे. एच. ठक्कर यांनी १९४८ मध्ये दादरला इंडिया फोटो स्टुडिओ काढला आणि पुढे हिंदी सिनेमाचे बहुतेक मोठे चेहरे त्यांच्या दिव्यांखाली बसून गेले. उपनगरी स्टुडिओचा संसार याहून पुष्कळ साधा होता: तिकाटण्यावरचा लाकडी फील्ड कॅमेरा, काळे फडके, रंगवलेला पडदा आणि एक खुर्ची. केरळातल्या अलप्पुळा येथे तयार होणारा वागीश्वरी हा देशी फील्ड कॅमेरा त्या काळी भारतभर विकला जात असे.

त्यानंतर आला तो दोन भिंगांचा कॅमेरा, वरच्या भिंगातून पाहायचा आणि खालच्यातून फोटो घ्यायचा. जर्मनीची रोलीफ्लेक्स १९२९ मधली. छायापत्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातात ती दिसते. पण ती परवडणारे थोडे. सर्वसाधारण स्टुडिओचा आधार होता जपानी याशिका, आणि त्यातही १९७० मध्ये निघालेला याशिका-मॅट १२४ जी. एकशेवीसच्या रोलवर बारा फोटो निघत आणि निगेटिव्ह सव्वादोन इंच चौरस येई. पस्तीस मिलिमीटरचे सुटसुटीत कॅमेरे तेव्हा उपलब्ध होते, एका रोलमध्ये छत्तीस फोटो देत होते, तरी स्टुडिओवाल्यांनी पंधरा-वीस वर्षे त्यांना लग्नाच्या मुख्य कामात शिरू दिले नाही.

त्याचे कारण रिटचिंगच्या डेस्कवर होते. उतरत्या चौकटीत निगेटिव्ह अडकवून मागून उजेड सोडला जाई. निगेटिव्हवर पेन्सिल धरावी म्हणून तिला आधी एक पातळसा वार्निशसारखा लेप देत. मग सुईसारखे टोक काढलेल्या शिसपेन्सिलीने देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, गालावरच्या सुरकुत्या ठिपक्याठिपक्याने भरून काढल्या जात. निगेटिव्हवर जिथे शिसे चढे तिथे छापताना उजेड अडे आणि कागदावर तेवढी जागा उजळ येई. स्थळ पाहण्यासाठी पाठवायच्या फोटोला तर या हाताची फार किंमत होती. सव्वादोन इंचांच्या निगेटिव्हवर चेहरा निदान करंगळीच्या नखाएवढा मिळतो. पस्तीसच्या निगेटिव्हवर पेन्सिल टेकवायलाही जागा उरत नाही. क्षेत्रफळात पहिली निगेटिव्ह दुसरीच्या साडेतीन पटींहून मोठी आहे. तेव्हा जुना कॅमेरा न सोडण्यात मागासलेपणा नव्हता, व्यवहार होता.

शिवाय नवा कॅमेरा मिळणेही सोपे नव्हते. १९९१ पूर्वी आयातीवर कडक बंधने होती. परदेशी कॅमेरा यायचा तो आखातातून सुट्टीवर आलेल्या नातेवाइकाच्या सामानातून, नाहीतर फोर्टातल्या किंवा चोर बाजारातल्या ओळखीच्या दुकानातून. फिल्मचेही तसेच. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून उत्पादन सुरू झाले, त्याची ‘इंदू’ फिल्म आणि कागद सगळीकडे चालत. जोडीला पूर्व जर्मनीची ओर्वो. रंगीत रोल महाग, आणि तो धुवायला मुंबईच्या लॅबकडे पाठवावा लागे. १९८० च्या दशकात मिनिलॅब उपनगरांत पोहोचल्या तेव्हा रोल सकाळी टाकून संध्याकाळी फोटो मिळू लागले, पस्तीसच्या कॅमेऱ्याचे दिवस फिरले आणि याशिका कपाटात गेली. याच सुमारास मुंबईच्या फोटोफोन कंपनीचा ‘हॉट शॉट’ घरोघरी शिरला. त्याची निगेटिव्ह अगदीच चिमुकली, पण सहलीच्या फोटोंसाठी स्टुडिओवाल्याला बोलवायची गरज त्याने संपवली. लग्नाची कॅसेट काढायची टूमही तेव्हाचीच. व्हिडिओ कॅमेऱ्यात पैसे घालणारे पुष्कळदा स्टुडिओवाले होते आणि त्यांनी ते सावे दादांच्याच हिशोबाने घातले: नवी ऑर्डर, नवे यंत्र.

फिल्मच्या काळाचे अर्थकारण नीट पाहिले तर डिजिटलने काय उलथले ते कळते. फिल्मच्या कॅमेऱ्यात चित्र तयार होते ते रोलवर. कंपनीने अधिक बारीक कणांची, अधिक संवेदनशील फिल्म काढली की वीस वर्षांचा जुना कॅमेराही त्याच दिवशी सुधारत असे. खर्च रोलचा आणि धुलाईचा. तो प्रत्येक ऑर्डरमागे गिऱ्हाइकाकडून वसूल होई. कॅमेरा मात्र एकदाच घ्यायचा, आणि बापाचा मुलाने वापरायचा. डिजिटलमध्ये फिल्म कॅमेऱ्याच्या आत कायमची बसवली गेली. सेन्सर जुना झाला की सगळी बॉडी जुनी झाली. रोलचा खर्च गेला, पण त्याच्या जागी दर चार-पाच वर्षांनी लाखाच्या घरातला खर्च आला, आणि तो गिऱ्हाइकाला वेगळा दाखवता येत नाही. ‘बॉडी बदलू की नको’ हा नेहमीचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म १९७५ चा. कोडॅकमधले अभियंते स्टीव्ह सॅसन यांनी बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा शंभर बाय शंभर बिंदूंचे, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेलचे, चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद घेई. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ-३ च्या अंगावर १.३ मेगापिक्सेलचा डीसीएस बसवला; १९९९ मध्ये निकॉन डी-१ आला, २.७ मेगापिक्सेलचा. वर्तमानपत्रांना तेवढे पुरत होते, कारण तिथे मोल वेळेचे होते. लग्नाच्या अल्बमला ते पुरणारे नव्हते आणि किंमतही उपनगरी स्टुडिओच्या पलीकडची. दार उघडले ते २००३ च्या कॅनन ३०० डी ने, अमेरिकेत हजार डॉलरच्या आत मिळणाऱ्या ६.३ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने, आणि पुढच्या वर्षीच्या निकॉन डी-७० ने. तोवर मोठ्या लॅबांत डिजिटल फाइलवरून थेट फोटोकागदावर छापणारी यंत्रेही आली होती. ती नसती तर कॅमेरा घेऊनही उपयोग नव्हता.

मेगापिक्सेलच्या शर्यतीचा हिशोब साधा आहे, पण तो क्वचितच मांडला जातो. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे बिंदू धरतात. डी-७० चे चित्र सुमारे ३००० बाय २००० बिंदूंचे, म्हणजे दहा इंच लांबीपर्यंत स्वच्छ छापले जाणारे. जुन्या अल्बममध्ये कोपऱ्यांत अडकवलेल्या पोस्टकार्ड साइझच्या फोटोंना हे पुरून उरे. मग धंद्यात ‘करिझ्मा’ अल्बम आला: बारा बाय अठराची पाने, आणि दोन पाने उलगडली की बारा बाय छत्तीसचा सलग पट्टा. पूर्ण पानभर एकच फोटो घ्यायचा तर ५४०० बाय ३६०० बिंदू हवेत. गुणाकार एकोणीस मेगापिक्सेलच्या वर जातो. २००८ चा कॅनन ५ डी मार्क टू २१.१ मेगापिक्सेलचा होता आणि लग्नाच्या फोटोग्राफरांनी तो इतका उचलला त्यात या पानाच्या मापाचा वाटा मोठा. त्याने फुल एचडी व्हिडिओही दिल्यामुळे एकाच बॉडीत दोन ऑर्डरी बसल्या. त्यानंतरच्या वाढीचा अल्बमला फारसा लाभ नाही. बिंदू दुप्पट झाले तरी छापायची लांबी दुप्पट होत नाही, फक्त १.४ पट होते. बारावरून चोवीसवर जाणे डोळ्यांना दिसते. चोवीसवरून तीसवर गेलेले कागदावर ओळखणे कठीण.

ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात मेगापिक्सेलपेक्षा जड ठरलेला निकष म्हणजे उजेड, आणि त्याची परीक्षा हळदीला होते. आगरी-कोळी घरांतली हळद संध्याकाळनंतर रंगते. मांडव दारात किंवा गल्लीत, वर पिवळे दिवे, एका कोपऱ्यात रंगीत फोकस फिरवणारा डीजे, आणि मध्ये नाचणारी माणसे. फिल्मच्या काळात शंभर एएसएचा रोल आणि गाईड नंबर ३६ चा फ्लॅश घेतला, भिंग ५.६ वर ठेवले, तर उजेड सहा-साडेसहा मीटरपर्यंत पोहोचे. त्यापलीकडे काही नाही. जुन्या अल्बमांतल्या हळदीत पुढची माणसे चुन्यासारखी पांढरी आणि मागे ठार काळोख दिसतो तो यामुळे. मांडव होता, पाहुणे होते, फक्त फोटोत आले नाहीत. डी-७० चा आयएसओ, म्हणजे पूर्वीचाच एएसए, १६०० पर्यंत जाई आणि तिथे चित्रावर रवाळ खर उमटे. मार्क टू ६४०० पर्यंत गेला. २०१८ चा सोनी ए-७ थ्री ५१,२०० पर्यंत जातो. अर्थात कंपनी सांगते तो आकडा एक आणि अल्बममध्ये चालतो तो आकडा दुसरा, पण मांडवातला पिवळा उजेड फ्लॅशशिवाय फोटोत उतरू लागला हे खरे. मोठ्या सेन्सरची महती इथेच कळते. पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे पस्तीसच्या निगेटिव्हएवढ्या, सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, लहान सेन्सरचे सुमारे ३६६. म्हणजे उजेड गोळा करायला जवळजवळ अडीचपट जागा.

पण याच हिशोबाची दुसरी बाजू पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी किट लेन्स पन्नास मिलिमीटरच्या आसपास ५.६ पर्यंतच उघडते. पन्नासची १.८ ची साधी लेन्स तिच्यापेक्षा नऊ-दहा पट उजेड आत घेते आणि ती नव्या बॉडीच्या एका लहानशा अंशात मिळते. सेन्सर बदलून अडीचपट, लेन्स बदलून नऊपट. असे असून पैसा आधी बॉडीवर जातो, कारण गिऱ्हाइकाला बॉडीवरचे नाव वाचता येते.

लेन्सचा साठा हाच कॅमेरा बदलताना पायातला खोडा ठरतो. बॉडीवर लेन्स बसवायची कडी म्हणजे माउंट. निकॉनने १९५९ चा एफ माउंट चालू ठेवला, म्हणून जुन्या लेन्सा नव्या बॉडीवर निदान बसत तरी. कॅननने १९८७ मध्ये माउंट बदलला आणि आधीच्या लेन्सा निकामी केल्या. २०१८ मध्ये दोघांनीही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट काढले, पण या वेळी अडॅप्टर दिले. तोवर सोनीने पाच वर्षांची आघाडी घेतली होती. आरसा गेल्याने आवाज न करता फोटो घेता येऊ लागला, आणि डोळ्यावर आपोआप फोकस धरणे तर नाचणाऱ्या माणसांसाठी फारच कामाचे. तरी कॅनन ईओएस आर आणि निकॉन झेड ६ या पहिल्या बॉडींवर लग्नवाल्यांनी नाके मुरडली, कारण कार्ड एकच बसे. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरले तर एक कार्ड बिघडले तरी काम वाचते. सप्तपदी पुन्हा घ्यायला कोणी तयार होत नाही. निकॉनने २०२० मध्ये झेड ६ टू मध्ये दुसरा खण दिला.

खरेदीची वेळ पंचांग ठरवते. चातुर्मासात लग्ने नसतात, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त लागतात. म्हणून नवी बॉडी दसरा-दिवाळीच्या सुमारास हप्त्याने घ्यायची आणि उन्हाळ्याच्या मोसमात फेडायची, ही पद्धत. २०२० च्या टाळेबंदीत लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली तेव्हा हेच हप्ते अनेकांच्या गळ्याशी आले. कराचाही फरक पडतो: २०१७ मध्ये डिजिटल कॅमेऱ्यावर २८ टक्के जीएसटी होता, १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्के झाला. ज्यांना नवे घ्यायचे नसते ते महागडी लेन्स किंवा दुसरी बॉडी दिवसाच्या भाड्याने आणतात, नाहीतर सेकंडहँड पाहतात. सेकंडहँडमध्ये पहिली चौकशी शटर काउंटची. ५ डी मार्क टू चे शटर दीड लाख वेळा चालेल असे कंपनी सांगत असे. एका लग्नात दोन-तीन हजार क्लिक धरले तर पन्नास-पाऊणशे लग्नांत ते आयुष्य भरते. दुसरी तपासणी बुरशीची. खाडीकाठच्या हवेत पावसाळाभर पिशवीत पडलेल्या लेन्समध्ये काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. टॉर्चचा झोत लेन्समधून तिरपा सोडला की ते दिसतात, आणि दिसले की किंमत निम्म्यावर येते.

हौशी फोटोग्राफरचे गणित यापासून वेगळे आहे. ठाणे खाडीतला १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत लांब लेन्सा घेतलेली माणसे काठावर दिसू लागली. उजेड मुबलक, पक्षी दूर. अशा ठिकाणी लहान सेन्सरची जुनी बॉडी मागे पडत नाही. तीनशे मिलिमीटरची लेन्स तिच्यावर साडेचारशेचे दृश्य देते. पूर्ण फ्रेमकडे वळणाऱ्याला तेवढ्याच जवळिकीसाठी लेन्सही नवी घ्यावी लागते.

राहिले ओळखपत्राचे फोटो, ज्यांवर कोपरीतल्या धंद्याचा रोजचा गल्ला चाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार कार्ड दिले गेले. त्यासाठी फोटो केंद्रावरच काढतात, पासपोर्ट सेवा केंद्रातही तसेच, आणि फोनने उरलेला भाग घेतला. तरी परीक्षांचे अर्ज, व्हिसा आणि बँकेची कामे यांसाठी स्टुडिओत माणसे येतात. फोटोचे माप ३५ बाय ४५ मिलिमीटर. तीनशे बिंदूंच्या हिशोबाने ते सुमारे ४१३ बाय ५३१ बिंदू, म्हणजे पाव मेगापिक्सेलही नाही. ऑनलाइन अर्जात तर तो पुन्हा पन्नास केबीत दाबून बसवावा लागतो. फ्लॅश ठरलेला, अंतर ठरलेले, मागचा पडदा पांढरा. त्यामुळे लग्नाच्या कामातून निवृत्त झालेल्या निकॉन डी-९० सारख्या बॉडी स्टुडिओच्या आतल्या खोलीत तिकाटण्यावर कायमच्या बसवलेल्या असतात. शटर बिघडेपर्यंत त्या चालतात, आणि बिघडले की तसलीच दुसरी सेकंडहँड आणली जाते.